मोटर पळते, कंट्रोलर जळतो

आजचा भाग काडेपेटीएवढ्या एका डबीबद्दल आहे. हौशी लोकांच्या आरसी गाडीच्या, म्हणजे रिमोटवर पळणाऱ्या गाडीच्या पोटात ही डबी बसलेली असते. एका बाजूने बॅटरीच्या दोन जाड वायरी आत येतात, दुसऱ्या बाजूने दोन किंवा तीन वायरी मोटरकडे जातात, आणि एक बारीक वायर रिसीव्हरला जाते. हिचं पूर्ण नाव इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर. सगळे ईएससी म्हणतात, आपणही तेच म्हणू.

या डबीवर एक लेबल असतं. समजा त्यावर लिहिलंय: '६० अँपिअर, १२ टर्न किंवा जास्त, २ ते ३ सेल लायपो, बीईसी ५ व्होल्ट'. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे औषधाच्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांसारखं वाटतं. पण ही अक्षरं एकदम एका दिवशी आलेली नाहीत. गेल्या पन्नास वर्षांत कधी मोटर बदलली, कधी बॅटरी बदलली, आणि दर वेळी मधल्या कंट्रोलरवर ताण आला. तो ताण कुठून आला हे कळलं, की लेबलवर एक ओळ वाढली. म्हणजे हे लेबल वाचणं हाच एक इतिहास वाचणं आहे. आणि तो वाचता आला तर तुमचे दोन-चार हजार रुपये आणि कदाचित तुमच्या खोलीचे पडदेही वाचतील. तर चला, पहिल्या ओळीच्याही आधीपासून सुरुवात करू.

जेव्हा डबीच नव्हती

१९६६ साली इटलीतल्या रेज्जो एमिलियामधल्या एल-जी या कंपनीने फेरारी २५० एलएमचं १:१२ मापाचं विजेवर चालणारं मॉडेल आणलं. बाजारात विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या आरसी गाड्यांमध्ये तिचं नाव घेतलं जातं. दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, जपानच्या शिझुओका शहरातल्या तामियाने पोर्शे ९३४ आणली आणि आरसी गाडी हा प्रकार घराघरांत पोचायला लागला. पुढे १९८४ मध्ये तामियाच्याच ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या दोन बग्गी आल्या. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या जगभरातल्या हौशी लोकांची पहिली गाडी बहुतेक वेळा यांतलीच एक.

या गाड्यांमध्ये वेग कमी-जास्त कसा व्हायचा? त्यासाठी यांत्रिक कंट्रोलर होता. एक छोटी सर्व्हो मोटर असायची, तीच जी पुढची चाकं वळवते तशी. ती एक पितळी हात फिरवायची. हात एका पट्टीवरच्या वेगवेगळ्या टोकांवरून सरकायचा आणि त्या टोकांना चिनी मातीच्या आवरणातले रेझिस्टर जोडलेले असायचे. हळू जायचंय तर जास्त रेझिस्टर मध्ये घ्या, जोरात जायचंय तर रेझिस्टर वगळून थेट बॅटरी जोडा. पुढे जायला साधारण तीन वेग, मागे जायलाही तसेच.

हे चित्र तुम्ही घरी पाहिलेलं असेल. आजी-आजोबांच्या घरातला पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवा. भिंतीवर तो मोठा चौकोनी डबा, गोल बटण, आणि पंखा एक नंबरवर ठेवला की डबा गरम. आत हाच प्रकार चालायचा. पंखा हळू फिरला म्हणून वीज वाचली असं नाही, वाचलेली बरीचशी वीज डब्यात उष्णता होऊन जायची.

आता थोडं गणित. ७.२ व्होल्टची बॅटरी आहे, मोटर १० अँपिअर घेतेय, आणि आपल्याला तिला निम्माच दाब द्यायचाय. उरलेले ३.६ व्होल्ट रेझिस्टरवर पडणार. ३.६ गुणिले १० म्हणजे ३६ वॉट. कॉलेजच्या लॅबमधली साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. म्हणजे प्लॅस्टिकच्या गाडीत, हळू चालवताना, सोल्डरिंग आयर्नपेक्षा गरम वस्तू बसवलेली. आणि हे सगळं त्या बॅटरीच्या जिवावर, जी आधीच इवलीशी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला १२०० मिलीअँपिअर-तासाची निकेल-कॅडमियम बॅटरी चांगली मानली जायची. १:१२ मापाच्या गाड्यांची शर्यत आठ मिनिटांची असायची. १२०० मिलीअँपिअर-तास आठ मिनिटांत संपवायचे तर सरासरी ९ अँपिअरच्या वर जाता येत नाही. अशा हिशोबात थेंब-थेंब विजेला किंमत होती, आणि यांत्रिक कंट्रोलर ती उष्णता करून वाऱ्यावर सोडत होता.

मात्र एक गोष्ट या व्यवस्थेत छान होती. मोटर, रेझिस्टर, बॅटरी, गिअर, सगळं एकाच कंपनीने ठरवून एका खोक्यात दिलेलं. जुळवणीची काळजी किट बनवणाऱ्याने आधीच घेतलेली. कटकट सुरू व्हायची ती तुम्ही मोटर बदलली की. ग्रासहॉपरमध्ये ३८० आकाराची मोटर यायची, हॉर्नेटमध्ये मोठी ५४०. ग्रासहॉपरवाल्याला शेजारच्या हॉर्नेटचा वेग दिसणार, आणि त्याचा हात मोटरकडे जाणारच! पण ज्या क्षणी तुम्ही खोक्यातला एक भाग बदलता, त्या क्षणी बाकीचे भाग त्याला झेपतात का हे बघायची जबाबदारी तुमच्यावर येते. हा नियम तेव्हापासून आजपर्यंत बदललेला नाही.

नळ बारीक करू नका, उघडझाप करा

उत्तर आलं सेमीकंडक्टरमधून. बेल लॅब्समध्ये मोहम्मद अटाला आणि डॉन कांग यांनी १९५९ मध्ये मॉस्फेट बनवला. आज तुमच्या फोनच्या चिपमध्ये हेच मॉस्फेट अब्जावधींच्या संख्येने आहेत. पण मोटर चालवायला लागतो तो दणकट, भरपूर करंट झेपणारा मॉस्फेट, आणि तो परवडण्याजोगा व्हायला १९७० च्या दशकाचा शेवट उजाडला. इंटरनॅशनल रेक्टिफायर कंपनीचा 'हेक्सफेट' याच काळातला. त्याच सुमाराला, १९७८ मध्ये, कॅलिफोर्नियात बॉब नोव्हाक यांनी आरसीसाठी इलेक्ट्रॉनिक्स बनवणारी कंपनी सुरू केली. १९८० च्या दशकात नोव्हाक आणि टेकिन यांचे ईएससी शर्यतीच्या ट्रॅकवर नेहमीचे झाले.

ईएससीची कल्पना अशी. नळ अर्धा उघडून पाणी कमी करण्याऐवजी नळ पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा, परत उघडा, परत बंद करा, तेही फार झपाट्याने. अर्धा वेळ उघडा ठेवला तर बादलीत निम्मं पाणी. मोटर जड असते, तिला या उघडझापीचा धक्का कळत नाही, ती सरासरीवर फिरते. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. सुरुवातीच्या काही कंट्रोलरमध्ये ही उघडझाप सेकंदाला पन्नास-साठ वेळा व्हायची, पुढे ती हजारो वेळा व्हायला लागली.

फायदा कुठे आहे? पूर्ण बंद असताना मॉस्फेटमधून करंट नाही, म्हणून उष्णता नाही. पूर्ण चालू असताना त्याचा रोध अगदी कमी, म्हणून उष्णता थोडीच. पण 'थोडीच' म्हणजे शून्य नव्हे, आणि इथेच लेबलची पहिली ओळ जन्माला येते.

उष्णता मोजायचं सूत्र बारावीत शिकलो होतो: करंटचा वर्ग गुणिले रोध. समजा कंट्रोलरचा एकूण रोध ५ मिलीओहम आहे. २० अँपिअरला उष्णता २ वॉट. ४० अँपिअरला ४ नाही, ८ वॉट. ६० अँपिअरला १८ वॉट. करंट तिप्पट, उष्णता नऊपट. आपला अंदाज सरळ रेषेत चालतो, उष्णता वर्गात चढते. 'थोडीशीच जास्त पॉवरची मोटर लावली' असं म्हणणाऱ्याचा कंट्रोलर 'थोडासाच' गरम होत नाही, तो इथे.

म्हणून लेबलवर अँपिअर. पण त्यातही गंमत आहे. ऑनलाइन बाजारात अगदी स्वस्त ब्रश्ड कंट्रोलर मिळतात, वर ठसठशीत छापलेलं असतं '३२० अँपिअर'. आता घरातल्या मीटरजवळचा एमसीबी बघा, ३२ अँपिअरचा असेल, फार तर ६३. त्याला जोडलेल्या वायरीची जाडी बघा आणि मग या डबीच्या वायरी बघा. ३२० अँपिअर त्यातून जाणं शक्यच नाही. असे आकडे बहुतेक वेळा आतल्या मॉस्फेटच्या डेटाशीटवरून येतात. तिथे तो आकडा २५ अंश तापमानाला, आदर्श परिस्थितीत, क्षणभरासाठी दिलेला असतो. तुमची गाडी मे महिन्यात नागपुरात पळणार असेल तर हवाच ४५ अंशांची. म्हणून 'पीक' किंवा 'बर्स्ट' लिहिलेला आकडा सोडून द्या, सलग झेपणारा करंट किती तो शोधा. तो लिहिलेलाच नसेल तर तेही एक उत्तरच समजा.

उलट्या वाटणारा आकडा

दुसरी ओळ: '१२ टर्न किंवा जास्त'. नवीन माणूस सर्वांत जास्त गोंधळतो तो इथे.

ब्रश असलेल्या मोटरच्या आत फिरणाऱ्या भागावर तांब्याची तार गुंडाळलेली असते. एका दात्यावर किती वेढे, तो आकडा म्हणजे टर्न. किटमध्ये येणाऱ्या साध्या चंदेरी ५४० मोटरचे सुमारे २७ टर्न. शर्यतीच्या 'मॉडिफाइड' मोटरचे दहा-बारा, कधी त्याहून कमी. वेढे कमी म्हणजे तार आखूड आणि जाड, रोध कमी, करंट जास्त, वेग जास्त. म्हणून आकडा जितका लहान तितकी मोटर जहाल. मोबाइलच्या जगात मोठा आकडा म्हणजे भारी अशी आपल्याला सवय, इथे नेमकं उलटं.

कंट्रोलरवरचा '१२ टर्न' म्हणजे 'यापेक्षा जहाल मोटर मला झेपणार नाही'. आणि हा आकडा एकटा कधीच पुरेसा नसतो. एक ठोस उदाहरण सांगतो. हॉबीविंगचा क्विकरन १०६० हा ६० अँपिअरचा ब्रश्ड कंट्रोलर नवशिक्यांमध्ये खूप चालतो. त्याची मर्यादा २ सेल लायपोवर १२ टर्न आहे, पण ३ सेल लायपो लावली की तीच मर्यादा १८ टर्नवर येते. कंट्रोलर तोच, अँपिअर तेच. बॅटरीचा दाब वाढला की तीच मोटर जास्त करंट ओढते, म्हणून मोटर सौम्य हवी. टर्न आणि सेल या दोन ओळी एकत्रच वाचायच्या.

तिसरा एक वाटेकरी लेबलवर कधीच लिहिलेला नसतो, तो म्हणजे गिअर. मोटरवरचं छोटं दातेरी चाक, पिनियन, त्याचे दाते वाढवले की गाडीचा कमाल वेग वाढतो. पण मोटरची अवस्था खंबाटकी घाट टॉप गिअरवर चढणाऱ्या गाडीसारखी होते. ती गुदमरते, हळू फिरते, आणि विजेची मोटर हळू फिरते तेव्हा सर्वांत जास्त करंट ओढते. मोठी चाकं, जड बॉडी, लांब गवत, यांनीही तेच होतं. कागदावर जुळलेली जोडी गवतात विस्कटू शकते.

याच काळातली आणखी एक जुळवणी सांगण्यासारखी आहे. रिव्हर्स हवा असेल तर करंटची दिशा उलटवायला चार बाजूंना स्विच लागतात, आणि मोटरचा करंट एका वेळी दोन स्विचमधून जातो. म्हणजे रोध वाढला, उष्णता वाढली. म्हणून तेव्हाचे शर्यतवाले फक्त पुढे आणि ब्रेक असलेले कंट्रोलर घ्यायचे, रिव्हर्स सोडून द्यायचे. घराच्या अंगणात खेळणाऱ्याला मात्र रिव्हर्स नसेल तर दर वेळी कुंडीमागून गाडी उचलून आणावी लागणार. 'चांगला कंट्रोलर कुठला' याचं उत्तर गाडी कुठे पळणार यावर तेव्हाही अवलंबून होतं, आजही आहे.

बॅटरीने नियम बदलले

निकेल-कॅडमियम बॅटरीचा एक स्वभाव होता: तिला पूर्ण रिकामं केलेलं चालायचं. उलट शर्यतवाले शर्यत संपल्यावर बल्ब जोडून उरलेली वीजही काढून टाकायचे. त्यामुळे जुन्या ईएससींना बॅटरी किती उरली याच्याशी देणंघेणं नव्हतं. गाडी हळू झाली की खेळ संपला, इतकं सोपं.

२००० नंतरच्या दशकात लिथियम-पॉलिमर, म्हणजे लायपो, आरसी गाड्यांत शिरली. हलकी, जास्त वीज साठवणारी, आणि दोन सेलची बॅटरी ७.४ व्होल्टची, जुन्या सहा सेलच्या ७.२ व्होल्टच्या अगदी शेजारची. जुन्या गाडीत सरळ बसते असंच कुणालाही वाटेल. पण लायपोचा स्वभाव नेमका उलटा. एका सेलचा दाब भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो, आणि तो साधारण ३ व्होल्टच्या खाली गेला की सेलच्या आत कायमचं नुकसान व्हायला लागतं. अशी दुखावलेली बॅटरी फुगते, आणि पुढच्या चार्जिंगला ती पेट घेऊ शकते.

जुना कंट्रोलर तिला कधी थांबवणार? कधीच नाही. त्याच्या जन्माच्या वेळी थांबायची गरजच नव्हती. म्हणून नवीन कंट्रोलरमध्ये लो-व्होल्टेज कटऑफ आला: दाब ठरावीक पातळीखाली गेला की आधी वेग कमी, मग मोटर बंद.

पण बॅटरी कुठल्या जातीची आहे हे कंट्रोलरला सांगावं लागतं. काहींवर त्यासाठी इवलासा जंपर असतो, लायपो किंवा निकेल. तो निकेलवर राहिला तर लायपोसाठी खूपच खालच्या पातळीपर्यंत कंट्रोलर गप्प बसतो. गाडी मस्त पळतेय, कुणालाच काही कळत नाही, आणि रात्री हॉस्टेलच्या खोलीत चार्जिंगला लावलेली बॅटरी फुगायला लागते. या सगळ्या विषयातली खरी भीतीची जागा हीच आहे. कंट्रोलर जळला तर पैसे जातात. बॅटरी जळली तर काय जाईल सांगता येत नाही. म्हणून नवीन गाडी हातात आली की मोटर बघायच्या आधी तो जंपर बघा.

लेबलवरची 'बीईसी'सुद्धा बॅटरीचीच गोष्ट. पूर्वी रिसीव्हर आणि सर्व्होसाठी गाडीत वेगळे पेन्सिल सेल घालावे लागायचे. मग कंट्रोलरनेच मोठ्या बॅटरीतून ५ व्होल्ट काढून द्यायला सुरुवात केली. साध्या बीईसीमध्ये उरलेला दाब पुन्हा उष्णताच होतो. २ सेलवर १ अँपिअर दिला तर ७.४ वजा ५, म्हणजे सुमारे २.४ वॉट. ३ सेलवर ११.१ वजा ५, म्हणजे ६ वॉटच्या वर. पंख्याचा जुना रेग्युलेटर छोट्या रूपात परत आला! जास्त सेलसाठीचे कंट्रोलर म्हणून स्विचिंग बीईसी वापरतात.

आणि एक गैरसमज. 'बॅटरी जास्त अँपिअरची आहे, कंट्रोलर जळेल' असं खूप जण म्हणतात. बॅटरी करंट ढकलत नाही, मोटर तो ओढते. मोठी पाण्याची टाकी असली म्हणून नळ फुटत नाही, पाण्याचा दाब वाढला तर फुटतो. सेल वाढवताना विचार करा. तेवढ्याच सेलची, पण जास्त क्षमतेची बॅटरी घेताना आधी तिचं वजन आणि माप गाडीत बसतंय का ते बघा.

तीन वायरी आणि तीन सेन्सर

याच दशकात मोटरही बदलली. ब्रश गेले, ब्रशलेस आली. तिच्यात चुंबक फिरतं आणि तारेची तीन गुंडाळणी स्थिर असतात. कुठल्या गुंडाळीला कधी वीज द्यायची, हे ब्रश ठरवायचे ते आता कंट्रोलर ठरवतो. म्हणजे ईएससी आता फक्त नळ राहिला नाही, तो मोटरचा अर्धा भागच झाला. ब्रश्ड कंट्रोलरवर ब्रशलेस मोटर चालत नाही, कारण त्या मोटरला स्वतःहून फिरताच येत नाही.

यासाठी चुंबक आत्ता कुठे आहे हे कळावं लागतं. सेन्सर असलेल्या मोटरमध्ये तीन हॉल सेन्सर ते सांगतात. सेन्सर नसलेल्या मोटरमध्ये कंट्रोलर फिरणाऱ्या चुंबकामुळे तयार होणाऱ्या उलट्या व्होल्टेजवरून अंदाज घेतो. अडचण अशी, की मोटर थांबलेली असताना हे व्होल्टेज नसतंच. म्हणून अशी गाडी सुटताना थोडी अडखळते, थरथरते. सपाट ट्रॅकवर चालून जातं. दगडांवरून इंच-इंच चढणाऱ्या क्रॉलरला मात्र सेन्सर हवेतच.

मोजमापही बदललं. ब्रशलेसवर 'केव्ही' लिहिलेलं असतं. त्याचा किलोव्होल्टशी काही संबंध नाही. भार नसताना एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे, तो हा आकडा. ३३०० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर सुमारे २४,४०० फेरे, ११.१ व्होल्टवर सुमारे ३६,६००. शर्यतीत टर्न शब्द टिकला, पण अर्थ सरकला. जुन्या २७ टर्नच्या जागी ब्रशलेसची १७.५ टर्न, १९ च्या जागी १३.५ असे गट बसले. म्हणून ब्रश्ड लेबलवरचे १२ टर्न आणि ब्रशलेस लेबलवरचे १२ टर्न हे दोन वेगळ्या चलनातले आकडे आहेत, एकमेकांत मोजू नका.

आणि मग आमची जमात आली

आमची जमात म्हणजे सॉफ्टवेअरवाले. गुंडाळ्यांना वीज कधी द्यायची हे आता प्रोग्रॅम ठरवतो, मग ती थोडी आधी दिली तर? मोटर जास्त वेगाने फिरते. याला टायमिंग म्हणतात. पूर्वी मोटरचं मागचं झाकण हाताने फिरवून टायमिंग ठरवायचे, ते एकदाच आणि स्थिर. २००९-१० च्या सुमारास कंट्रोलरचं फर्मवेअर ते पळता पळता बदलायला लागलं. वेग वाढेल तसं टायमिंग पुढे, त्याला नाव बूस्ट. थ्रॉटल पूर्ण दाबल्यावर आणखी पुढे, त्याला नाव टर्बो.

परिणाम काय झाला बघा. १७.५ टर्नचा गट नवशिक्यांसाठी, परवडावा म्हणून ठेवलेला. तिथल्या गाड्या त्याहून कितीतरी जहाल मोटरसारख्या पळायला लागल्या. मोटर तीच, गाडी तीच, फरक फक्त फर्मवेअरच्या फाइलमध्ये. ज्याच्याकडे नवीन कंट्रोलर आणि नवीन अपडेट तो पुढे. आणि ज्याने सेटिंग जास्त ताणलं त्याच्या मोटरमधून धूर.

शर्यत भरवणाऱ्यांपुढे प्रश्न होता: मोटर उघडून वेढे मोजता येतात, पण कोड कसा तपासायचा? उपाय फार साधा निघाला. शून्य टायमिंगचा मोड निवडला की कंट्रोलरवरचा दिवा ठरावीक पद्धतीने लुकलुकणार. सुरुवातीच्या रेषेवर परीक्षकाने वाकून बघायचं, दिवा लुकलुकतोय ना. त्या गटाला 'ब्लिंकी' असं नावच पडलं आणि ते आजही आहे. मला ही गोष्ट फार आवडते. ऑफिसमध्ये आम्ही पारदर्शकतेवर लांबलचक कागद लिहितो, इथे एका लुकलुकत्या दिव्याने काम भागवलं. मशीन कुठल्या नियमाने चाललंय हे बाहेरून, कुणालाही, हत्याराशिवाय दिसलं पाहिजे, एवढंच त्या दिव्याचं म्हणणं.

त्यापुढचं पाऊल स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांचं. त्यांनी व्हीईएससी नावाचा कंट्रोलर बनवला आणि त्याचं सर्किट आणि कोड दोन्ही सगळ्यांसाठी खुलं केलं. सुरुवात इलेक्ट्रिक स्केटबोर्डपासून. पण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१६ मध्ये सुरू झालेल्या एफ-वन-टेन्थ या प्रकल्पात, जिथे १:१० मापाच्या गाड्या माणसाशिवाय शर्यत लावतात, तिथे हाच कंट्रोलर वापरात आला. कारण साधा आहे. नेहमीचा ईएससी फक्त हुकूम ऐकतो. व्हीईएससी परत उत्तर देतो: मोटर किती फिरली, करंट किती, तापमान किती. स्वतः गाडी चालवणाऱ्या प्रोग्रॅमला हे उत्तरच हवं असतं.

मग जुळवायचं कसं

लग्नात पत्रिका बघतात, इथे लेबल बघा. चार गोष्टी, याच क्रमाने.

एक, मोटर ब्रश्ड की ब्रशलेस, सेन्सर आहेत की नाहीत. इथे नाही जुळलं तर पुढे वाचूच नका.

दोन, बॅटरीचे सेल किती आणि जात कोणती. कंट्रोलरला ते चालतं का, कटऑफ बरोबर लावलाय का.

तीन, त्या सेलवर कंट्रोलरची टर्न किंवा केव्हीची मर्यादा काय, आणि तुमची मोटर त्याच्या आत आहे का. अगदी काठावर असेल तर एक पायरी वरचा कंट्रोलर घ्या. मोठा कंट्रोलर छोट्या मोटरला त्रास देत नाही.

चार, गिअर, चाकं, वजन आणि ऊन. छोट्या पिनियनने सुरुवात करा, दोन-तीन मिनिटं पळवा, थांबवा, कंट्रोलर आणि मोटर किती तापलीय ते बघा. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन असेल तर उत्तम. नसेल तर बोट हळूच जवळ न्या, टेकवून ठेवता येत नसेल तर काहीतरी जुळलेलं नाही.

आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजच्या टेकफेस्टमध्ये आरसी गाड्यांच्या स्पर्धा असतात. ट्रॅकच्या कडेला जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'चायना माल, अजून काय होणार!' मला हे वाक्य पटत नाही. माल खराब निघतो, निघतच नाही असं नाही. पण लॅमिंग्टन रोडवरून किंवा बुधवार पेठेतून स्वस्तात आणलेला साधा कंट्रोलरही, लेबलच्या आत ठेवला तर, वर्षानुवर्षं चालू शकतो. आणि महागातला महाग कंट्रोलरही लेबलच्या बाहेर दोन फेऱ्यांत जाऊ शकतो. मालाला दोष दिला की शिकायचं राहून जातं, पुढच्या वर्षी परत तोच वास.

याचा उपयोग गाडीपुरताही नाही. रस्त्यावरची इलेक्ट्रिक स्कूटर, ई-रिक्षा, शेतावर फवारणी करणारा ड्रोन, सगळ्यांत हाच कंट्रोलर आहे, फक्त आकार मोठा आणि चूक महाग. तिथे काम करायची इच्छा असेल तर १:१० मापाची गाडी ही चांगली, स्वस्त शाळा आहे.

तर आज एवढंच. तुमच्या गाडीच्या कंट्रोलरवरचं लेबल घासून पुसट झालं असेल तर त्याचा आधी एक फोटो काढून ठेवा. पुढच्या भागात भेटू.